जहाजाचा रंग आणि कालवांचा धंदा

समुद्रात उभ्या जहाजाच्या बुडाला शेवाळ, कालवे व इतर कवचधारी जीव चिकटतात. बूड खरखरीत झाले की वेग घटतो आणि इंधनाचा खर्च वाढतो. त्यावर १९६०च्या दशकात टीबीटी हे कथिलाचे विषारी संयुग मिसळलेला रंग बाजारात आला. जहाजमालकांना तो फायदेशीर ठरला, पण त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समधील आर्काशों उपसागरात कालवांची पैदास कोलमडली; शिंपले जाड व वेडेवाकडे झाले. कालवे पिकवणारे हवालदिल झाले. समुद्री शंखांच्या माद्यांना तर नराची इंद्रिये फुटू लागली. फ्रान्सने १९८२ मध्ये २५ मीटरहून लहान नौकांवर हा रंग बंद केला. जागतिक करार मात्र २००१ मध्ये झाला व २००८ मध्ये अंमलात आला.

आता संशोधकांनी सिलिकॉनचे लेप तयार केले आहेत. त्यांच्या गुळगुळीत पृष्ठभागावर जीवांना पक्की पकड मिळत नाही. जहाज वेगात निघाले की ते पाण्याच्या जोराने गळून पडतात. हे लेप महाग आहेत व फार काळ उभ्या राहणाऱ्या नौकेला कमी उपयोगी पडतात. म्हणून तांबेयुक्त रंगही अजून मोठ्या प्रमाणावर वापरले जातात.

कोकणातील नौकामालकांना आम्ही इतकेच सुचवू: रंग घेताना भावाबरोबर त्यातील घटकही विचारा आणि खरवडलेला जुना रंग खाडीत टाकू नका. त्याच खाडीतील कालवांवर कुणाची तरी चूल पेटते.