धबधबे बांधणारी नदी

धबधबा म्हणजे नदीने खडकावर मिळविलेल्या विजयाची खूण, असे आपण शाळेपासून शिकत आलो आहोत. आणि ज्यांनी आषाढ-श्रावणात सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर उभे राहून काळ्या कातळावरून दरीत कोसळणारे पाणी पाहिले आहे, त्यांना या शिकवणीविषयी शंका घेण्याचे काही कारण पडत नाही, कारण तेथे पाणी कड्याचा पाया पोखरते, वरचा भाग ढासळतो आणि प्रपात युगायुगांच्या हिशेबाने मागे मागे सरकत जातो. परंतु एड्रियाटिक समुद्राच्या किनाऱ्याला समांतर धावणाऱ्या दिनारिक पर्वतराजीत अशा काही नद्या आहेत, की ज्यांचा सारा व्यवहार याच्या नेमका उलट चालतो. त्या आपले धबधबे कोरीत नाहीत, बांधतात. क्रोएशियातील दाल्मेशिया प्रांतातून वाहणारी क्रका ही त्यांपैकी एक. लांबीने अवघी ७२ किलोमीटरांच्या आसपास असलेली ही नदी समुद्राला मिळण्यापूर्वी स्वतःच उभारलेल्या सात बांधांवरून उडी घेते, आणि पाठीवर शिदोरी टाकून तिच्या काठाने चालत जाणाऱ्याला एका विलक्षण रसायनशाळेचे दर्शन घडते.

आरंभ क्निन या गावापासून करावा. गावाच्या डोक्यावर दिनारा पर्वत आहे. त्याचे १,८३१ मीटर उंचीचे शिखर क्रोएशियातील सर्वांत उंच होय. या पर्वताचा उघडाबोडका, करडा-पांढरा उतार पाहून प्रथम आश्चर्य वाटते ते असे, की हिवाळाभर पाऊस आणि हिम झेलूनही त्याच्या अंगावर ओढा म्हणून दिसत नाही. ही सारी भूमी चुनखडीची. पडलेले पाणी भेगाभेगांतून खाली झिरपते, भुयारे आणि गुहा कोरीत अंधारातून वाट काढते, आणि कोठेतरी दूरवर, पायथ्याशी, आयती नदी होऊनच बाहेर पडते. अशा भूप्रदेशाला भूशास्त्रात ‘कार्स्ट’ म्हणतात, आणि त्याच्या अभ्यासाला शास्त्राची बैठक मिळाली ती योव्हान त्स्वीयिच या सर्बियन भूगोलवेत्त्याने व्हिएन्ना येथे १८९३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधामुळे.

क्निनच्या पूर्वेस क्रचिच नावाचा एक छोटा प्रवाह आहे. त्याच्या काठाने सुमारे १० किलोमीटरांची खडीची वाट जाते. दोन्ही अंगांस झुडपी ओक, काटेरी ज्युनिपर आणि पाय लागताच कापरासारखा दरवळणारा रानटी सेज. वाटेच्या अखेरीस क्रचिच २२ मीटरांच्या कड्यावरून खाली झेपावतो, आणि बरोबर त्या प्रपाताच्या पायथ्याशी, खडकातून, क्रका उगम पावते. म्हणजे एका नदीचा शेवट आणि दुसरीचा आरंभ एकाच जागी, एकावर एक. मात्र हा देखावा बारमाही नव्हे. भूमध्य समुद्राच्या परिसरात पावसाळ्याचे वेळापत्रक आपल्याहून अगदी वेगळे आहे: पाऊस शरदात आणि हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा ठणठणीत. जुलै-ऑगस्टमध्ये येणाऱ्या पांथस्थाला वरचा क्रचिच साफ आटलेला आढळतो, आणि तरीही खालची क्रका जणू काही घडलेच नाही अशा थाटात थंडगार वाहत असते, कारण तिचा पुरवठा पर्वताच्या पोटातील साठ्यावर चालतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. शुद्ध पाण्याला चुनखडी फारशी विरघळविता येत नाही. परंतु मातीच्या थरातून झिरपताना पावसाच्या पाण्याला, मुळांच्या आणि सूक्ष्मजीवांच्या श्वसनाने तेथे कोंडून राहिलेला कार्बन डायऑक्साइड भेटतो. मातीतील हवेत या वायूचे प्रमाण बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असते. तो पोटात घेतलेले पाणी सौम्य आम्ल बनते, आणि असे आम्लधर्मी पाणी चुनखडीला कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपाने आपल्यात सामावून घेते. जोवर पाणी भूगर्भात आहे तोवर हा करार टिकतो. उघड्यावर येऊन ते दगडाधोंड्यांवर आपटू लागले, की गोटीसोड्याच्या बाटलीतील गोटी आत दाबताच जो प्रकार होतो तोच येथेही घडतो: वायू निसटतो. वायू निसटला की विरघळलेल्या चुन्याला पाण्यात राहण्याचा हक्क उरत नाही, आणि तो कॅल्साइटच्या सूक्ष्म स्फटिकांच्या रूपाने बाहेर पडू पाहतो. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल, की भूगर्भातून नुकत्याच निघालेल्या पाण्याकडून बांधकामाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. त्याला आधी काही अंतर खळाळत जावे लागते. म्हणूनच क्रकेवरील पहिला मोठा बांध, बिलुशिच बुक, उगमापाशी नसून बराच खाली आहे.

पण नुसत्या रसायनशास्त्राने भिंत उभी राहत नाही. अतिसंपृक्त पाणी देखील चुन्याचे ओझे घेऊन खुशाल पुढे निघून जाऊ शकते. स्फटिकाला बैठक मिळाली तरच तो बसतो. ही बैठक पुरविणारे कारागीर पाहावयाचे असतील तर धबधब्याच्या भव्य दृश्याकडे क्षणभर पाठ करून, तुषार उडणाऱ्या कडेवरील शेवाळाच्या एका गादीपाशी वाकून बसावे. गादीचा वरचा थर हिरवागार, लुसलुशीत, बोटाला ओलसर मखमलीसारखा लागतो. तोच बोट थोडे खाली सरकविले की खरखर लागते. प्रत्येक देठाभोवती बदामी रंगाचे कवच चढलेले असते. आणखी खाली देठ मेलेला, आणि त्याच्या जागी दगडात उरलेली एक बारीक नळी. म्हणजे शेवाळाचा शेंडा उजेडाकडे वाढत असतो आणि बुडखा दगड होत असतो. त्याच्या अंगावर राहणारे नील-हरित शैवाल आणि डायटम आपल्या चिकट स्रावात स्फटिक अडकवितात, शिवाय प्रकाशसंश्लेषणासाठी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेऊन चुन्याच्या सुटकेला हातभार लावतात. अशा रीतीने तयार होणाऱ्या सच्छिद्र, हलक्या दगडाला ‘टूफा’ म्हणतात. त्याची वाढ वर्षाला काही मिलिमीटर इतकीच. तीही उन्हाळ्यात, पाणी कोमट, प्रवाह मंद आणि ऊन भरपूर असताना अधिक.

कोणाला वाटेल, मिलिमीटरांनी असे काय होणार? त्याने विसोवात्सचे सरोवर पाहावे. शेवटचा बांध, स्क्रादिन्स्की बुक, जसजसा उंचावत गेला तसतसे मागचे पाणी तुंबत गेले, आणि नदीच्या अरुंद घळीचे एक शांत, निळसर-हिरवे सरोवर झाले. त्यातील बेटावर फ्रान्सिस्कन साधू १४४५ पासून मठ करून राहिले आहेत. दरम्यान या प्रदेशावर कधी ऑटोमन सुलतानाचा, कधी व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचा अंमल चालला, सरहद्दी पुढेमागे झाल्या, पण मठ टिकून राहिला. स्क्रादिन्स्की बुकचा हा सगळा बांध हिमयुग ओसरल्यानंतरच्या, म्हणजे ढोबळमानाने गेल्या १०,००० वर्षांतला आहे. थंडीच्या युगांत वनस्पती विरळ होतात, मातीतील वायू घटतो आणि हे बांधकाम थंडावते. नदी मग इतर नद्यांसारखी कापण्याच्या उद्योगाला लागते. पूर्वीच्या उष्ण कालखंडात उभारलेल्या बांधांचे अवशेष आजही दरीच्या भिंतींवर, पाण्यापासून बरेच उंच, चिकटलेले दिसतात.

मधल्या टप्प्यांवर फार रेंगाळण्याची गरज नाही; अपवाद रोश्की स्लापचा. तेथे मुख्य प्रपाताच्या वर लहान लहान पायऱ्यांची रांग आहे, आणि काठाला जुन्या दगडी पाणचक्क्या. वाहत्या पाण्यावर धान्य दळावे, आणि लाकडी पिंपात पाण्याचाच भोवरा करून त्यात जाड लोकरी कापड घुसळून घ्यावे, अशी येथली सोय होती. शेवटी स्क्रादिन्स्की बुक: १७ पायऱ्या, एकंदर उतार सुमारे ४६ मीटर, आणि पाण्यावरून नेणाऱ्या लाकडी फळ्यांच्या वाटा. याच्याच पायथ्याशी यारुगा नावाचे छोटे वीजकेंद्र २८ ऑगस्ट १८९५ रोजी सुरू झाले आणि शिबेनिक शहराचे दिवे त्यावर पेटले. नायगाऱ्याचे सुप्रसिद्ध केंद्र त्याच महिन्यात, दोनच दिवस आधी, चालू झाले होते. शिबेनिकचे नगराध्यक्ष आन्ते शुपुक यांनी ही उठाठेव केली नसती, तर युरोपच्या या कोपऱ्याला विजेसाठी बरीच वाट पाहावी लागली असती.

विजेचा हा लाभ फुकट मात्र झाला नाही. मानोयलोवात्स हा क्रकेवरील सर्वांत उंच प्रपात. त्याची उंची जवळजवळ ६० मीटर, आणि शेजारी बुर्नुम या रोमन लष्करी छावणीच्या कमानी अजून उभ्या आहेत. परंतु मिल्यात्स्का येथे १९०६ साली झालेल्या केंद्राकडे पाणी वळविल्यामुळे उन्हाळ्यात तो कोरडा पडतो, म्हणजे ज्या ऋतूत बांधकामाचा भर असावा त्याच ऋतूत कारागीर तहानलेले राहतात. धबधबा पाहण्याचाच हेतू असेल तर तेथे नोव्हेंबर ते एप्रिल या काळात जावे, आणि ‘बुरा’ नावाच्या बोचऱ्या वाऱ्याची तयारी ठेवावी.

क्रका खोऱ्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा १९८५ मध्ये मिळाला. तेवढ्याने सर्व मामला मिटला असे नाही, कारण टूफाला अपाय करावयास सुरुंग लागत नाही. सांडपाण्यातून वा शेतखतातून येणारे फॉस्फेट कॅल्साइटच्या स्फटिकावर बसते आणि त्याची वाढ रोखते. पाणी डोळ्यांना तितकेच स्वच्छ दिसते, बांधकाम मात्र मंदावलेले असते. पोहणाऱ्यांचे पाय कोवळी गादी तुडवितात, म्हणून स्क्रादिन्स्की बुकच्या डोहात उतरण्यास २०२१ पासून मनाई आहे. पुष्कळ पर्यटकांनी त्याबद्दल कुरकुर केली. मला ती मनाई उशिराने आलेली वाटते. तिसरा उपद्रव झाडाचा. आपल्याकडील महारुखाचा एक चिनी भाऊबंद युरोपात शोभेसाठी म्हणून आणला गेला आणि मोकाट सुटला. त्याची मुळे मऊ टूफात शिरून भेगा पाडतात, आणि भेग पडली की पाणी माथ्यावरून न जाता आतून वाट काढते, त्यामुळे वरचे शेवाळ सुकते. उद्यानाने ही झाडे काढून टाकण्याची मोहीम हाती घेतली आहे. पण नुसता बुंधा तोडला तर मुळांतून नवे फुटवे जोमाने उठतात, तेव्हा एकदा साफ केलेल्या जागेवर पुढची कित्येक वर्षे पुन्हा पुन्हा कोयता घेऊन जावे लागते.