मांडीवरचं डोकं

मे महिन्यातल्या दुपारी भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात ओसरीवर एक चित्र हमखास दिसतं. वरच्या पायरीवर आई किंवा आजी, खालच्या पायरीवर पोर, पोरीचं डोकं मांडीवर. हातात बारीक दातांची फणी, शेजारी पाण्याची वाटी, समोर जुन्या पांढऱ्या धोतराचं फडकं. फणी केसांच्या मुळाशी टेकते, टोकापर्यंत ओढली जाते, फडक्यावर झटकली जाते. फडक्यावर तिळाएवढं काही चालू लागलं की अंगठ्याच्या नखावर दुसरं नख दाबलं जातं आणि बारीकसा आवाज येतो. "हालू नोको माय, आनखी एक हाये."

जूनअखेर विदर्भातल्या शाळा उघडतात. पाठोपाठ धानाचे पऱ्हे तयार होतात आणि जुलैत रोवणी लागते. पवनी असो, साकोली असो की लाखांदूर, रोवणी बायकांच्याच कंबरेवर उभी असते. सकाळी चिखलात उतरलेली बाई दिवेलागणीला घरी येते. त्याच दिवसांत पोरी शाळेच्या सतरंजीवर खांद्याला खांदा आणि डोक्याला डोकं लावून बसतात. सकाळी कशीबशी वेणी घातली जाते, पण फणी फिरत नाही. 'वेणीफणी' हा आपला जोडशब्द त्या दोन महिन्यांत अर्धाच उरतो, आणि उवांना तेवढी सवड पुरते.

मी चौथीत होते तेव्हाची गोष्ट. माझ्या वेणीवर ऊ चालताना दिसली म्हणून मला शेवटच्या ओळीत एकटीला बसवलं गेलं. मैत्रिणींनी डबा खायला जवळ बसायचं सोडलं. मी घरी काही बोलले नाही. रात्री डोकं खाजवायचं ते पांघरुणाच्या आत. आईच्या लक्षात येईपर्यंत महिना गेला आणि तोवर धाकट्या बहिणीच्या, आजीच्या आणि आईच्याही डोक्यात उवा झाल्या होत्या. एवढ्या वर्षांनी या विषयावरचं वाचताना कळलं, की त्या महिन्याभरात उवांपेक्षा माझ्या गप्प बसण्यानंच घराचं जास्त नुकसान केलं.

ऊ जगते कशी

डोक्यातली ऊ दोन ते तीन मिलिमीटरची. सहा पाय, प्रत्येकाच्या टोकाला आकडा, आणि तो आकडा माणसाच्या केसाच्या जाडीवर बेतलेला. तिला पंख नाहीत, उडी मारता येत नाही. ती फक्त चालते. म्हणून एका डोक्यातून दुसऱ्यात जायला तिला दोन डोकी टेकलेली लागतात. कंगवा, टॉवेल, स्कार्फ यांतून ती क्वचित जाते, पण तिचा खरा रस्ता केसाला लागलेला केस हाच. बहिणी एका उशीवर झोपतात, मैत्रिणी कानात गुज सांगतात, आजी नातीला कुशीत घेते, मुली एका मोबाइलवर वाकून व्हिडिओ बघतात. ऊ या वाटेनं येते. धुतलेले केस तिला तितकेच चालतात. डोक्यात ऊ निघाली तर एवढंच सिद्ध होतं, की या पोरीच्या जवळ कुणीतरी आहे.

मादी सुमारे महिनाभर जगते आणि दिवसाला सहा-आठ अंडी घालते. हीच लीख. कानामागे आणि मानेच्या वर, टाळूपासून काही मिलिमीटरवर ती केसाला चिकटवलेली असते. तो चीक इतका पक्का, की नुसत्या पाण्यानं सुटत नाही. कोंडा झटकला की पडतो, लीख नखानं ओढावी लागते. सात ते दहा दिवसांत लीख फुटते आणि पुढच्या दीडेक आठवड्यात पिल्लू अंडी घालायच्या वयाला येतं. डोक्यावरून खाली पडलेली ऊ मात्र रक्तावाचून एक-दोन दिवसांत मरते.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणून टाळूपासून बोटभर दूर दिसणारी पांढरी लीख बहुधा रिकामं टरफल असते. ती बघून पोरीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. दुसरी गोष्ट खाजेची. खाज येते ती उवेच्या लाळेला शरीर प्रतिसाद देतं म्हणून. पहिल्यांदा उवा झालेल्या मुलाला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणजे पोर खाजवू लागते तोवर घरात एक पिढी वाढलेली असते. जिच्या डोक्यात आधी दिसल्या तिनंच त्या आणल्या, हा आरोप त्यामुळे बहुतेक वेळा चुकीचा ठरतो.

जुनी सोबत

ही सोबत माणसाइतकीच जुनी आहे. चिंपांझीच्या अंगावरची ऊ आपल्या उवेची चुलत बहीण. आपले आणि त्यांचे पूर्वज वेगळे झाले तेव्हा उवाही वेगळ्या झाल्या. ब्राझीलमध्ये सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या मानवी केसाला चिकटलेली लीख मिळाली आहे. इस्राएलमधल्या लाखीश इथे सापडलेल्या हस्तिदंती फणीवर सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीचा लेख कोरलेला असल्याचं २०२२मध्ये जाहीर झालं. तो लेख म्हणजे या दातानं केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघोत, एवढीच प्रार्थना. त्या लेखाच्या लिपीतलं हे सर्वांत जुन्या पूर्ण वाक्यांपैकी एक, आणि ते राजाविषयी नाही, उवांविषयी आहे.

आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लांबीची मापं दिली आहेत, त्यांत आठ लिक्षांची एक यूका आणि आठ यूकांचा एक यव धरला आहे. लिक्षा म्हणजे लीख, यूका म्हणजे ऊ. राज्याची जमीन मोजणाऱ्या मोजपट्टीत ऊही एक माप होती; ती प्रत्येकाच्या ओळखीची होती. मेरुतुंगाच्या 'प्रबंधचिंतामणी'त कुमारपाळ राजाची गोष्ट येते. अहिंसेचा नियम मोडून ऊ मारणाऱ्या एका धनिकाची संपत्ती त्यानं जप्त केली आणि त्यातून 'यूकाविहार' बांधला.

चरकसंहितेच्या विमानस्थानात यूका ही बाहेरच्या मळातून होणाऱ्या कृमींमध्ये मोजली आहे आणि कारण म्हणून अस्वच्छता सांगितली आहे. उपचारांत पहिला शब्द 'अपकर्षण', म्हणजे ओढून काढणं. कारणाबाबतचा तो समज आज टिकत नाही, पण उपाय अजून खरा आहे. आपण मात्र उलटं केलं. मळाचा डाग जपून ठेवला आणि ओढून काढण्याचा कंटाळा केला.

उवेच्या भीतीचं एक कारण इतिहासात आहे. ट्युनिसमध्ये काम करणाऱ्या चार्ल्स निकोलच्या लक्षात आलं, की टायफस या साथीच्या तापाचा रुग्ण आंघोळ घालून, जुने कपडे काढून वॉर्डात आणला की त्याच्यापासून कुणाला लागण होत नाही. रोग कपड्यांतल्या उवेतून पसरतो हे त्यानं १९०९मध्ये दाखवलं आणि १९२८मध्ये त्याला नोबेल मिळालं. पण ती ऊ अंगावरची, कपड्यांच्या शिवणीत राहणारी. डोक्यातल्या उवेनं साथी येत नाहीत. २०१८च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या भागात स्क्रब टायफसचे रुग्ण आढळले, तेव्हा नावातल्या साम्यानं गोंधळ झाला असेल. तो आजार गवता-झुडपांतल्या माइटच्या पिल्लांमुळे होतो, उवेचा त्याच्याशी संबंध नाही.

म्हणून डोक्यातली ऊ निरुपद्रवी ठरत नाही. खाजवून टाळूला जखमा होतात, त्यांत पू धरतो, मानेमागे गाठी येतात. पोरीची झोप मोडते. आणि मनाला लागतं ते कुठल्याच कागदावर येत नाही.

घरच्या उपायांचा हिशेब

झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, तेलांची कमी नाही. कडुनिंबाचं, करंजाचं तेल डोक्याला चोपडतात. तेलानं उवा मंदावतात आणि फणी सहज फिरते, एवढा त्याचा उपयोग नक्की. पण तेल लावून काम झालं असं मानलं की लिखा तशाच राहतात.

सीताफळाबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं, कारण हंगामात बाजारात सीताफळांचे ढीग असतात आणि कित्येक घरांत बिया वाळत पडतात. त्या वाटून डोक्याला लावल्या की उवा मरतात हे खरं आहे. पण तीच पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, असह्य आग होते, दिसेनासं होतं. भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी असे रुग्ण नोंदवले आहेत. ओली पूड कपाळावरून ओघळायला वेळ लागत नाही. हा उपाय करू नये. चुकून डोळ्यात गेलीच तर भरपूर पाण्यानं डोळा धुवावा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

मातीचं तेल त्याहून वाईट. चुलीजवळ गेलेलं रॉकेलभरलं डोकं पेट घेऊ शकतं. आणि धानाच्या जिल्ह्यात तिसरा धोका घरातच असतो, फवारणीच्या औषधाची उरलेली बाटली. पिकावरचं कीटकनाशक टाळूतून आणि खाजवलेल्या जखमांतून शरीरात जातं. ते डोक्याला लावणं म्हणजे पोरीच्या जिवाशी खेळ.

सतरा दिवसांचं काम

विश्वासाचा उपाय फणीच आहे, पण तो नेमानं करावा लागतो. केस धुवावेत, ओले असतानाच भरपूर कंडिशनर किंवा तेल लावावं, आधी साध्या कंगव्यानं गुंता काढावा. मग केसांचे बारीक भाग करून दाट दातांची फणी टाळूला टेकवून टोकापर्यंत ओढावी आणि दर वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसावी. लांब केसांना अर्धा तास तरी लागतो. ब्रिटनच्या आरोग्यसेवेनं यासाठी दिवस ठरवून दिले आहेत: पहिला, पाचवा, नववा आणि तेरावा. सतराव्या दिवशी तपासणी. हे दिवस उवेच्या आयुष्यावरून काढलेले आहेत. आज वाचलेली लीख फुटेल, पण पिल्लू अंडी घालायच्या आत फणी पुन्हा फिरेल.

औषध वापरायचं तर एक टक्का परमेथ्रिन. केस शाम्पूनं धुऊन पुसल्यावर लावायचं, दहा मिनिटांनी धुवायचं आणि नवव्या दिवशी पुन्हा लावायचं. त्याआधी कंडिशनर नको. बहुतेक घरांत चूक होते ती दुसऱ्या वेळेची. पहिल्या धुण्यानं खाज थांबते, बाटली फडताळात जाते आणि उरलेल्या लिखा फुटतात. अनेक देशांत उवा या औषधाला सरावल्या आहेत. बरोबर वापरूनही जिवंत ऊ दिसली तर मात्रा वाढवू नये, डॉक्टरांना विचारावं. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या त्यांच्या सल्ल्यानंच, आणि १५ किलोंखालच्या मुलांना किंवा गरोदर बाईला नाहीत. दोन महिन्यांखालच्या बाळाला कुठलंच औषध लावू नये, हातानं वेचावं. चादरी-उशांचे अभ्रे गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकले की पुरे. घरभर फवारणीची गरज नाही.

आणि हे सगळं एकाच दिवशी सगळ्यांचं. पोरीचं डोकं साफ झालं आणि आईचं राहिलं तर आठ दिवसांत परत पहिले पाढे पंचावन्न. मोठ्या बायका स्वतःच्या उवा लपवतात, कारण वयात आलेल्या बाईच्या डोक्यात ऊ म्हणजे घराची अब्रू. फणी धरणाऱ्या हाताचं डोकं कुणी बघत नाही. म्हाताऱ्या आजीचे हात थरथरतात, तिला तर स्वतःला काढताही येत नाहीत.

यादीत नसलेला त्रास

शाळांमधली आरोग्य तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातूनच, पालघरहून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात. त्यांच्या सुरुवातीच्या यादीत ३० आजार-दोष होते. त्वचेच्या आजारांत खरूज आहे, बुरशी आहे, इसब आहे. उवा नाहीत. पोटातल्या जंतांसाठी २०१५पासून राष्ट्रीय दिवस आहे, शाळेत गोळी मिळते. डोक्यातल्या उवांचा हिशेब पूर्णपणे आईच्या मांडीवर सोडला आहे.

जीवघेण्या आजारांना आधी जागा मिळावी हे मला मान्य आहे. पण जुलैत ज्या आईला मांडी घालून बसायला वेळ नाही, तिच्या पोरीला शाळेत फणी मिळायला काय हरकत आहे? आश्रमशाळा आणि वसतिगृहांत तर आईच नसते. तिथे महिन्यातून दोन शनिवार वेणीफणीचे ठरवता येतील, प्रत्येक मुलीला स्वतःची फणी देता येईल, आणि औषध लागलं तर सगळ्या खोलीला एकाच दिवशी लावता येईल. मुलींचे केस कापून टाकणं हा सोपा मार्ग वाटतो, पण न विचारता कापलेले केस ही शिक्षाच असते. वर्गाबाहेर काढणंही तसंच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना गेली कित्येक वर्षं सांगते आहे, की उवांसाठी मुलाची शाळा बुडवू नये. शिक्षकांनी मुलीला वेगळं बसवण्याऐवजी सगळ्या वर्गाच्या घरी एकच चिठ्ठी पाठवावी, कुणाचंही नाव न घालता.

माझ्या आईला कुणी अशी चिठ्ठी पाठवली नव्हती. तिला कळलं ते माझ्या उशीवरून. "कुणाच्या डोस्क्यातून आनल्यास?" असं ती विचारेल म्हणून मी श्वास धरून उभी होते. तिनं काही विचारलं नाही. तेलाची वाटी आणली, फडकं अंथरलं, आजीला, धाकटीला हाक मारली. माझी पाळी झाली तेव्हा मी उठू लागले, तर तिनं खांदा दाबून मला वरच्या पायरीवर बसवलं. स्वतः खालच्या पायरीवर बसली, अंबाडा सोडला, फणी माझ्या हातात दिली आणि डोकं माझ्या मांडीवर टेकवलं.