किंमत कोणी मोजावी? (रहस्यपटांचे अंतरंग : लेखांक सातवा)

गेल्या लेखांकात आंरी-जॉर्ज क्लूझो या फ्रेंच दिग्दर्शकाच्या १९५३ सालच्या ‘द वेजेस ऑफ फिअर’ या चित्रपटाचा विचार करताना, नायट्रोग्लिसरीनने भरलेले दोन ट्रक तीनशे मैलांच्या खडबडीत वाटेने नेणाऱ्या चार निराधार माणसांविषयी आपण बोललो; आणि त्यांची निवड तेलकंपनीने का केली, तर ती मेली असता त्यांच्यामागे दाद मागणारी संघटना नाही आणि रडणारे कुटुंबही नाही, म्हणून केली, हेही पाहिले. कामाचा मोबदला माणशी दोन हजार डॉलर्स असा आधीच मुक्रर झालेला असल्यामुळे तेथे जिवाची किंमत ठरवण्याचा प्रश्न उरत नाही. उरते ती केवळ तो मोबदला हाती पडतो की नाही याची जीवघेणी प्रतीक्षा. आजच्या लेखांकात मी ज्या चित्रपटाकडे वळणार आहे, त्यात मात्र ती किंमत एका माणसाला स्वतःच्या दिवाणखान्यात बसून, स्वतःच्या तिजोरीकडे पाहत, चारचौघांच्या देखत ठरवावी लागते. रहस्यपट म्हटला की खून कोणी केला, चोर कोण, हाच प्रश्न सामान्यतः आपल्या मनात प्रथम उभा राहतो. माझे मत असे आहे की श्रेष्ठ रहस्यपटांचा जीव या प्रश्नात नसतोच. अपराध कोणीही केलेला असो, त्याची किंमत कोणाच्या खाती पडते, हा त्यांचा खरा विषय असतो.

अकिरा कुरोसावा यांचा ‘हाय अँड लो’ हा चित्रपट १९६३ च्या मार्च महिन्यात जपानमध्ये प्रदर्शित झाला. त्याच्या मूळ जपानी नावात स्वर्ग आणि नरक यांची जोडी आहे. कथाबीज एड मॅकबेन या अमेरिकन लेखकाच्या ‘किंग्ज रॅन्सम’ या १९५९ च्या पोलीस-कादंबरीतून घेतलेले असले, तरी त्यातून उगवलेला वृक्ष संपूर्णपणे योकोहामाच्या मातीतला आहे. किंगो गोंदो हा पादत्राणांच्या एका मोठ्या कारखान्याचा संचालक. चर्मकाराच्या हाताखाली उमेदवारी करून वर चढलेला हा गृहस्थ, सहकारी संचालकांनी आणलेला स्वस्त आणि दिखाऊ बुटाचा नमुना हातांनी टराटरा फाडून त्यांच्यापुढे टाकतो आणि असला माल आपण कधीही काढणार नाही असे बजावतो. कारखाना आपल्या ताब्यात यावा म्हणून त्याने घरदार गहाण टाकून गुपचूप भाग खरेदी केले आहेत, आणि उरलेल्या भागांसाठी पाच कोटी येनची रक्कम ओसाकाला रवाना होण्याच्या बेतात आहे. नेमक्या त्याच रात्री दूरध्वनी वाजतो : तुझा मुलगा आमच्या ताब्यात आहे, तीन कोटी येन दे.

क्षणभराने मुलगा सुखरूप खोलीत येतो. खेळता खेळता त्याने मोटारचालक आओकीच्या मुलाशी कपड्यांची अदलाबदल केली होती, आणि अपहरणकर्त्याने भलतेच पोर उचलून नेले होते. आपली चूक कळल्यावरही तो मागणी मागे घेत नाही. मूल कोणाचे का असेना, खंडणी गोंदोनेच भरायची, असा त्याचा हुकूम आहे. स्वतःच्या मुलासाठी सर्वस्व देण्यास एका क्षणापूर्वी सिद्ध झालेला बाप दुसऱ्याच्या मुलासाठी तेच देईल काय, हा प्रश्न इतक्या उघडपणे, इतक्या हिशेबी भाषेत, दुसऱ्या कोणत्याही चित्रपटाने विचारल्याचे मला आठवत नाही. रक्कम दिली तर घर जाईल, कारखाना जाईल, वर गहाणाचे कर्ज डोक्यावर राहील. न दिली तर एक मूल मरेल आणि त्या मुलाचा बाप रोज सकाळी गाडीचे दार उघडून अदबीने उभा राहील.

सुमारे पहिला तासभर चित्रपट या एका दिवाणखान्याबाहेर जवळजवळ पाऊल टाकत नाही, आणि मला वाटते, कुरोसावा यांच्या सामर्थ्याची खरी प्रचीती येथेच येते. रुंद पडद्याचा उपयोग इतर दिग्दर्शकांनी रणांगणे आणि वाळवंटे दाखवण्यासाठी केला. यांनी तो एका खोलीतील माणसांमधली अंतरे मोजण्यासाठी केला. एकाच चौकटीत सात-आठ माणसे उभी असतात. पत्नी पतीकडे पाहते, पोलीस जमिनीकडे पाहतात, चिटणीस स्वतःच्या स्वार्थाकडे पाहतो, आणि आओकी, ज्याचे मूल गेले आहे, तो सर्वांहून दूर, कोपऱ्यात, खांदे पाडून उभा असतो. जणू स्वतःच्या दुःखाला त्या श्रीमंत दालनात जागा मागण्याचाही त्याला अधिकार नाही. तो गुडघे टेकून याचना करतो तेव्हा गोंदो त्याच्याकडे पाठ फिरवतो. ही पाठ तोशिरो मिफुने यांची आहे, आणि तलवार घेऊन धावणाऱ्या मिफुनेंना ज्यांनी पाहिले आहे त्यांनी हा स्थिर मिफुने अवश्य पाहावा. टेकडीवरच्या त्या घराच्या काचेच्या भिंतीतून खालचे सगळे शहर दिसते. पण खालूनही कोणीतरी हे घर पाहत आहे, हे कळताच पडदे ओढले जातात, आणि वैभवाचे ते प्रशस्त दालन एकाएकी बंदिखाना होऊन बसते.

अखेर गोंदो पैसे द्यायचे ठरवतो. या निर्णयाचे भाषण होत नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पोलिसांना रकमेच्या पिशव्यांत दोन प्रकारच्या पुड्या लपवायच्या असतात : एक पाण्यात पडली तर दुर्गंध सोडणारी, दुसरी जळली तर गुलाबी धूर काढणारी. गोंदो आपली जुनी हत्यारांची पेटी मागवतो, जमिनीवर बसतो, आणि कातड्याला टाके घालू लागतो. कारखान्याचा धनी काही क्षणांत पुन्हा उमेदवार कारागीर होतो. भोवती उभे असलेले पोलीस निःशब्द होतात. सर्वस्व गमावल्यानंतर माणसाजवळ काय उरते, तर हातातली विद्या उरते, हे कुरोसावा यांनी कोणाच्याही तोंडून न वदवता केवळ या टाक्यांनी सांगितले आहे.

यानंतर येणारा आगगाडीचा प्रसंग सर्वविश्रुत आहे. वेगाने धावणाऱ्या गाडीच्या प्रक्षालनगृहाची खिडकी सात सेंटिमीटरच उघडते, आणि पिशव्यांची जाडी अपहरणकर्त्याने त्याच हिशेबाने ठरवून दिलेली असते. हा प्रसंग प्रत्यक्ष धावत्या गाडीत, एकाच वेळी अनेक कॅमेरे चालवून टिपला आहे. तासभर खोलीत कोंडलेला प्रेक्षक पहिल्यांदा बाहेर पडतो तो असा, श्वास घेण्याचीही सवड न मिळता.

उत्तरार्धात गोंदो जवळजवळ अदृश्य होतो आणि तपासाचे दप्तर उघडते. तात्सुया नाकादाई यांनी उभा केलेला तपासप्रमुख तोकुरा, घामाने निथळणारे त्याचे शिपाई, ध्वनिमुद्रणात मागे ऐकू येणारा विद्युत्-गाडीचा खडखडाट ओळखणारा रेल्वेचा नोकर, मुलाने काढलेले समुद्राचे चित्र, अशा एकेका दुव्यावरून खालच्या वस्तीतील ताकेउची नावाच्या एका उमेदवार डॉक्टरापर्यंत माग पोचतो. मधेच कृष्णधवल पडद्यावर एका धुराड्यातून गुलाबी धूर निघतो. सबंध चित्रपटात रंग तेवढा एकदाच.

येथे चित्रपटाच्या एका अशा भागाकडे मला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे, ज्याची चर्चा क्वचितच होते. अपहरणाला जपानी कायद्यात असलेली शिक्षा कुरोसावा यांना अत्यंत अपुरी वाटत होती, आणि ती चीड हा चित्रपट काढण्यामागील एक प्रेरणा होती. (पुढे १९६४ मध्ये तेथील दंडसंहितेत खंडणीसाठी केलेल्या अपहरणाचे स्वतंत्र कलम दाखल झाले.) ताकेउचीने आपल्या दोन साथीदारांचा शुद्ध हेरॉइन देऊन काटा काढला आहे, हे पोलिसांना कळलेले असते, तरीही ते त्याला लगेच अटक करीत नाहीत. खुनाचा आरोप निर्विवाद सिद्ध व्हावा आणि अपराध्याला फाशीच व्हावी, म्हणून ते त्याला मोकळा फिरू देतात आणि त्याच्या पाळतीवर राहतात. तो व्यसनाधीनांच्या एका गल्लीत शिरतो, तेथील एका झिजलेल्या, थरथरणाऱ्या स्त्रीला बाजूला नेतो, आणि हाती आलेला डोस तिच्यावर अजमावून पाहतो. ती मरते. पोलीस पोचतात तेव्हा उशीर झालेला असतो, आणि तपास तसाच पुढे सरकतो.

या स्त्रीला नाव नाही. तिच्यासाठी कोणी खंडणी मागितली नाही, कोणी घर गहाण टाकले नाही, कोणत्याही वर्तमानपत्राने तिच्याविषयी सहानुभूतीचा मजकूर छापला नाही. ज्या चित्रपटाने पहिल्या तासात मोटारचालकाच्या मुलाचे प्राण तीन कोटींना तोलून दाखवले, आणि मूल कोणाचेही असो, ते मूलच, हा निवाडा एका धनिकाच्या सर्वस्वाच्या मोलाने दिला, त्याच चित्रपटात न्यायाच्या नावाखाली एक जीव बिनहिशेबी खर्ची पडतो. कुरोसावा यांना हे दिसले नव्हते असे मी म्हणणार नाही. ती गल्ली त्यांनी इतक्या भयंकर ममतेने चित्रित केली आहे की तेथील प्रत्येक चेहरा पाहणाऱ्याचा पाठलाग करतो. तथापि तिच्या मृत्यूचा जाब तोकुराला कोणी विचारत नाही, आणि तोही स्वतःला विचारत नाही. चित्रपटाविषयीच्या माझ्या नितांत आदरात ही एक सल कायम राहिली आहे, आणि तो पुन्हा पाहावा तशी ती अधिकच रुतते.

अखेरच्या भेटीत फाशीची शिक्षा झालेला ताकेउची आणि सर्व गमावून एका लहानशा कारखान्यात पुन्हा कामाला लागलेला गोंदो काचेच्या आडपडद्यापलीकडून समोरासमोर बसतात, आणि त्या काचेत एकाच्या चेहऱ्यावर दुसऱ्याचे प्रतिबिंब पडते. हिवाळ्यात गोठवणाऱ्या आणि उन्हाळ्यात भाजून काढणाऱ्या आपल्या खोलीतून वरचे ते घर पाहत राहिल्याने द्वेष कसा वाढत गेला, हे ताकेउची सांगतो. ताकेउचीच्या भूमिकेत त्सुतोमु यामाझाकी यांचा अभिनय येथे अंगावर काटा आणतो. गोंदो त्याला दोष देत नाही, क्षमाही करत नाही. आपण एकमेकांचा द्वेष का करावा, एवढेच त्याला उमगत नाही. दोघांनी आपापली किंमत मोजली आहे आणि दोघांनाही ती ठाऊक आहे. तिसरी व्यक्ती मात्र या खोलीत नाही.

तिला स्थान देणारा एक चित्रपट कुरोसावा यांच्यापूर्वी बत्तीस वर्षे, १९३१ मध्ये, बर्लिनमध्ये निर्माण झाला होता. फ्रिट्झ लांग यांच्या ‘एम’ या चित्रपटात पोलीस आणि गुन्हेगार असे दोन्ही पक्ष बालहत्या करणाऱ्या एका माणसाचा माग काढतात, त्याला कोणत्या न्यायाने शिक्षा द्यावी यावर कडाक्याचा वाद घालतात, आणि अखेरीस लांग त्या सर्वांना बाजूला सारून शेवटचा शब्द शोकवस्त्रे नेसलेल्या आयांना देतात : कोणत्याही निकालाने आमची मुले परत यायची नाहीत. पुढील आठवड्याचा लेखांक त्या आयांपासूनच सुरू करण्याचा माझा विचार आहे.