स्तनतपासणी वाडीपर्यंत पोहोचावी
स्तनाचा कर्करोग लवकर ओळखण्यासाठी प्रत्येक वेळी मॅमोग्राफीच लागते असे नाही. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतील वस्त्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासलेल्या गटात, पन्नाशीपुढील स्त्रियांचे या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातील ३० ते ४९ वयोगटातील एक टक्का स्त्रियांचीही स्तनतपासणी झालेली आढळली नाही. कर्जत-खालापूरच्या डोंगरवाड्यांतून तपासणीस जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. न दुखणारी गाठ अंगावर काढली जाते आणि संकोचापायी ती घरातही सांगितली जात नाही. म्हणूनच ही तपासणी आरोग्यसेविकेकडून वाडीवरच व्हायला हवी.