सोपाऱ्याचे यक्ष, नाशिकचे हिशेब

नाशिकच्या पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून धाप लागलेला माणूस तीन क्रमांकाच्या लेण्यापाशी आला की वर बघतो. खांबांवरचे प्राणी, दाराभोवतीची नक्षी, आतला ऐसपैस मंडप यांतच तो गुंततो. जरा खाली वाकून पाहिलं तर ओसरीच्या जोत्याला सहा दांडगे पुरुष दिसतात. त्यांच्या खांद्यांवर तुळया आहेत आणि तुळयांवर अख्खं लेणं. कोणी त्यांना गण म्हणतं, कोणी यक्ष. पालखीचे भोई असावेत तसे ते दोन हजार वर्षं उभे आहेत, फक्त पालखी पुढे सरकलेली नाही.

माणसांच्या शेजारी दुसरी, अमानवी जमात नांदते असं बंदर आपल्याकडे हल्ली इंग्रजी कादंबऱ्यांतून आणि संगणकावरच्या खेळांतून येतं. तिथे लांब कानांचे एल्फ असतात, धक्क्याला गलबतं लागलेली असतात, बाजारात दोन्ही जमातींची घासाघीस चाललेली असते. कॉलेजातल्या पोरांना अशा शहरांचे नकाशे पाठ असतात. त्यांना कोणी हे सांगितलेलं नसतं की आपल्याच डोंगरावर दहा क्रमांकाच्या लेण्यात तशाच एका बंदराचं नाव कोरलेलं आहे. संस्कृतात शूर्पारक, शिलालेखात सोर्पारग, ग्रीक खलाशांच्या लेखी सुप्पारा. लोकलच्या फलाटावर नालासोपारा.

महाभारत सांगतं की परशुरामासाठी समुद्राने मागे सरून ही जमीन मोकळी केली. बौद्धांच्या 'दिव्यावदाना'त हे शहर याहून रंगतदार होतं. तिथे पूर्ण नावाच्या सोपाऱ्याच्या व्यापाऱ्याची गोष्ट आहे. पूर्ण दासीपुत्र, सावत्र भावांनी वाटणीत त्याला वाऱ्यावर सोडलेलं. एक दिवस त्याला थंडीने कुडकुडणारा मोळीवाला दिसतो. पूर्ण ओळखतो की मोळीत गोशीर्ष चंदन आहे, त्याचाच हा गारवा. तो मोळी विकत घेतो. पुढे राजाला दाहज्वर होतो, उतारा म्हणून हेच चंदन लागतं, आणि पूर्णाचं नशीब फळफळतं.

या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग यक्षांचा नाही, धक्क्यावरचा आहे. सोपाऱ्याच्या व्यापारी संघाचा नियम होता: परदेशी माल आला की कोणी एकट्याने सौदा करायचा नाही, सगळ्यांनी मिळून घ्यायचा. पूर्ण हा नियम मोडतो. आलेला सगळा माल विसार देऊन एकटाच उचलतो. संघ त्याला साठ कार्षापणांचा दंड ठोकतो आणि वसुलीसाठी उन्हात उभा करतो. प्रकरण राजापर्यंत जातं. राजा विचारतो, हा नियम ठरवताना तुम्ही पूर्णाला किंवा त्याच्या भावाला बोलावलं होतं का? नाही, असं उत्तर येतं. मग पूर्णाचं काही चुकलं नाही, असा निकाल लागतो. आजच्या एखाद्या बाजार समितीच्या बैठकीत हा खटला वाचून दाखवावा, कोणाला तो जुना वाटणार नाही.

आता यक्ष. पूर्ण भिक्षू झाल्यावर त्याचा थोरला भाऊ पाचशे व्यापाऱ्यांना घेऊन समुद्रावर जातो आणि चंदनाच्या एका वनाला लागतो. ते वन महेश्वर नावाच्या यक्षाच्या मालकीचं. यक्ष घरी नसतो, यक्षांच्या सभेला गेलेला असतो. इकडे पाचशे कुऱ्हाडी चालू लागतात. अप्रिय नावाचा दुसरा यक्ष धावत जाऊन त्याला ही खबर देतो. महेश्वर सभा आटोपून येतो आणि भयंकर वादळ उठवतो. व्यापारी पूर्णाचा धावा करतात, पूर्ण आकाशमार्गे येतो, वादळ शमतं. त्या चंदनाचा सोपाऱ्यात बुद्धासाठी प्रासाद उभा राहतो. बुद्ध येणार म्हटल्यावर समुद्रातले नागही निघतात. पाचशे नाग, आणि प्रत्येकाबरोबर एकेक नदी. एवढं पाणी आलं तर नगराचं काही खरं नाही, ही चिंता खुद्द बुद्धाला करावी लागते.

कथा अद्भुत आहे, पण तिच्यात कुठेही बेबंदशाही नाही. यक्षाला मालकी आहे, सभा आहे, खबऱ्या आहे. न विचारता झाड तोडलं की तो चिडतो, आणि कथा त्याला त्याबद्दल राक्षस ठरवत नाही. समुद्रावर पैसा लावणाऱ्या माणसांनी रचलेली ही अद्भुतकथा असावी असं वाटत राहतं. वादळाचं कारणसुद्धा त्यांनी हक्काच्या भांडणात शोधलं.

नाशिकच्या डोंगरावर त्याच शहराची दुसरी बाजू वाचायला मिळते. दहा क्रमांकाचं लेणं क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याने कोरवून घेतलं. तो शक, म्हणजे परमुलखातून आलेल्या घराण्यातला. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. ओसरीतल्या लेखात त्याने दानांची जंत्रीच दिली आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि सोर्पारग इथे चौसोपी धर्मशाळा बांधल्या. पारदा, दमणा, तापी, डहाणुका अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, दोन्ही काठांवर निवारे आणि पाणपोया केल्या. सोपाऱ्याच्या रामतीर्थावरच्या आणि इतर ठिकाणच्या चरक संन्याशांना नानंगोल गावातली नारळाची ३२,००० झाडं दिली. नाशिकच्या कोरड्या डोंगरावर बसून नारळ मोजायचे म्हणजे लेख लिहिणाऱ्याच्या नजरेसमोर समुद्र असणारच. किनारा आणि घाटमाथा यांना जोडणाऱ्या वाटेचा खर्च या माणसाने उचलला होता, हे त्या नावांवरून समजतं.

त्याच लेण्यातला वर्ष ४२चा लेख तर थेट मुदत ठेवीची पावती आहे. उषवदाताने ३,००० कार्षापण गोवर्धनच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, ठेवले. गोवर्धन म्हणजे नाशिकजवळ गोदाकाठी आजही त्याच नावाने असलेलं गाव. कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. पहिल्या ठेवीचं वर्षाचं व्याज होतं २४०, आणि लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. गणित पैचाही फरक न राहता जुळतं. हा व्यवहार निगमसभेत ऐकवून फलकावर नोंदवला होता, हेही दगडावर आहे. पूर्णाच्या गोष्टीतला राजा जे विचारतो, सगळ्यांना सांगितलं होतं का, त्याचं उत्तर इथे आधीच देऊन ठेवलंय.

सत्ता बदलली तेव्हाही हा हिशेबीपणा टिकला. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली, त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राचा ठसा पुन्हा मारलेला आहे. विजेत्याने उषवदाताच्या ताब्यातलं २०० निवर्तनं शेत या डोंगरावरच्या भिक्षूंना दिलं आणि गोवर्धनच्या अमात्याला तसा हुकूम धाडला. लेणी आणि भिक्षू राहिले, फक्त दात्याचं नाव बदललं.

सोपाऱ्यात मात्र खाडी गाळाने भरली आणि बंदर संपलं. १८८२मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथला 'बुरुड राजाचा कोट' नावाचा उंचवटा खणला, तो स्तूप निघाला. आत दगडी पेटी, पेटीत तांब्याचा करंडा, त्यात एकात एक चांदी, दगड, स्फटिक आणि सोन्याच्या डब्या, आणि सगळ्यांत आत भिक्षापात्राच्या समजल्या जाणाऱ्या खापऱ्या. सोबत आठ बुद्धमूर्ती आणि यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं. त्याच वर्षी तिथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा १९५६मध्ये जवळच्या भुईगावला. चंदनाचा प्रासाद अर्थातच सापडला नाही.

डोंगरावर परत यायचं तर अठरा क्रमांकाच्या चैत्यगृहात थांबावं. दारापाशी द्वारपाल यक्ष उभा आहे, आणि वेदिका व यक्ष करवून घेतल्याचा एक त्रुटित लेखही. म्हणजे यक्षालासुद्धा दाता लागला आणि त्याची नोंद झाली. शेजारचं सतरावं लेणं धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त याचं. हा उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा योनक, म्हणजे ग्रीक. नाव इथलं, भाषा प्राकृत, धर्म बुद्धाचा. लेखात तो ठामपणे सांगतो की लेणं केलं, आत चैत्यगृह केलं, पाण्याची टाकीही केली. आत जाऊन पाहिलं तर चैत्यगृहाचं काम अर्धवटच सुटलेलं. पैसे संपले की पाथरवट निघून गेले, कोण जाणे. पाटी मात्र काम पुरं होण्याआधीच लावून घेतली होती.