नौकेच्या बरगड्या

लाकडी नौका समुद्राच्या पाण्याने कुजते, असे आपणांपैकी पुष्कळांना वाटत असेल. वस्तुतः तिचा खरा शत्रू पावसाचे पाणी होय. लाकूड कुजविणारी बुरशी खाऱ्या पाण्यात नीट वाढत नाही. आणि सदैव पाण्याने गच्च भरलेल्या लाकडात तिला हवा मिळत नाही. पण डेकच्या फटीतून झिरपलेले गोडे पाणी एखाद्या कोंदट कोपऱ्यात साचले आणि लाकडातील ओल शेकडा २०-२५ च्या वर गेली, की तिचे फावते. जुन्या वाड्यातील तुळईसुद्धा प्रथम जाते ती भिंतीत शिरलेल्या टोकाशीच.

शिडाच्या विहारनौकेला, म्हणजे यॉटला, तळाशी कणा असतो. त्यावरून दोन्ही बाजूंनी वाकदार बरगड्या वर येतात आणि त्यांवर बाहेरून फळ्या ठोकलेल्या असतात. कूज धरते ती बहुधा बरगडीच्या वरच्या टोकाला, डेकखाली. किंवा तळाच्या सांदीत. बाहेरून रंग झकास दिसत असतो. म्हणून जाणता सुतार डोळ्यांवर विसंबत नाही. तो हातोडीने ठोकून पाहतो. निरोगी लाकूड खणखणीत बोलते, कुजलेले भद्द वाजते. मग तो टोचा लावतो. टोचा लोण्यात शिरावा तसा शिरला, तर निकाल लागलाच.

आता दुरुस्ती. प्रथम गळती बंद करावयाची, करवत त्यानंतर. ओल तशीच ठेवून घातलेले नवे लाकूडही कुजणारच. कुजलेला भाग कापताना त्यापलीकडील थोडे चांगले दिसणारे लाकूडही काढावे लागते, कारण बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याहून पुढे गेलेले असतात. पोकळीत लांबी किंवा राळ भरून वर रंग फासणे ही दुरुस्ती नव्हे. आम्ही तिला गिऱ्हाइकाची फसवणूकच म्हणू.

सर्वांत मोठा धोका मात्र निराळाच आहे. नौकेचा आकार या बरगड्यांनीच धरून ठेवलेला असतो. साऱ्या एकदम काढल्या, तर फळ्या आपापल्या मर्जीने सरळ होऊ पाहतात आणि नौकेचा घाट बिघडतो. मग तो पुन्हा आणणे फार कठीण. म्हणून आतून-बाहेरून टेकू देऊन, एकाआड एक बरगडी बदलतात. ओक लाकडाची नवी पट्टी वाफेच्या पेटीत ठेवतात, जाडीच्या दर इंचाला सुमारे एक तास. बाहेर काढल्यावर ती क्षणार्धात जागी वाकवून आवळावी लागते. तेथे चर्चेला सवड नसते! जाड बरगडी वाकत नसेल, तर पातळ पट्ट्या एकीवर एक चिकटवून ती घडवितात. टोकच गेले असेल, तर लांब तिरपा सांधा देतात, जाडीच्या सुमारे आठपट लांबीचा. मात्र शेजारशेजारचे सांधे एका ओळीत येऊ द्यावयाचे नाहीत. नाहीतर तेथे नौकेला बिजागरीच बसल्यासारखे होते.

खिळ्यांकडेही दुर्लक्ष करून चालत नाही. आपल्या मुंबईत सागवानात बांधलेल्या आणि १९६४ साली पाण्यात उतरलेल्या ‘सुहैली’चे उदाहरण घ्या. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी तीतून १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत, कोठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. वाटेत अटलांटिकमध्ये तिला गळती लागली, तेव्हा त्यांनी पाण्यात बुड्या मारून फटीत कापूस ठासला आणि त्यावर तांब्याची पट्टी ठोकली. पुढील दुरुस्त्यांत गंजलेले लोखंड काढून टाकावे लागले.

या सागवानी नौकेवर दुसरे संकट आले ते मात्र ओलीचे नव्हे. १९९७ मध्ये तिला ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवण्यात आले. तेथील कोरड्या हवेत तिच्या फळ्या आक्रसू लागल्या. अखेर २००२ मध्ये नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिला तेथून बाहेर काढले.