उपमा, रूपक आणि वाक्प्रचार

साहित्य अकादेमीची स्थापना १९५४ साली दिल्लीत झाली. भारतीय भाषांतील ग्रंथांची परस्पर भाषांतरे हे तेव्हापासून तिच्या कार्याचे एक प्रमुख अंग राहिले आहे. अशा भाषांतरांना पुष्कळदा इंग्रजीच्या दारातून जावे लागते, आणि त्या दारात एक जुनाच प्रश्न उभा असतो: समोरची प्रतिमा लेखकाची की भाषेची?

इंग्रजी शाळांतील नियम सोपा आहे. ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ आले की उपमा, ते गळले की रूपक. साम्यवाचक शब्दावर इतका भार टाकणे आपल्या शास्त्रकारांना मान्य झाले नसते. ‘मुखचंद्र’ या समासात तसा शब्द नाही, तरी ‘पुरुषव्याघ्र’सारख्या समासांसाठी पाणिनीने जे सूत्र (२.१.५६) रचले, त्यानुसार ‘चंद्रासारखे मुख’ असा विग्रह केला तर ती उपमाच होय. ‘मुख हाच चंद्र’ असे म्हटले तर रूपक. निर्णय बहुधा क्रियापदाने होतो. मुखचंद्र हसला, तर हसणे मुखाचे, म्हणून उपमा. मुखचंद्र उगवला, तर उगवणे चंद्राचे, म्हणून रूपक. आणि मुखचंद्र नुसता पाहिला, तर निर्णयच होत नाही! या अनिर्णयालाही आलंकारिकांनी ‘संदेहसंकर’ असे नाव देऊन ठेवले आहे.

वाक्प्रचाराची वाट निराळी. मम्मटाने लक्षणेची दोन कारणे मानली, रूढी आणि प्रयोजन. रूढीसाठी त्याने ‘कुशल’ हा शब्द घेतला: मूळचा कुश आणणारा, पुढे निपुण. विश्वनाथाला हे उदाहरण पटले नाही. निपुण हाच त्या शब्दाचा वाच्यार्थ, असे त्याचे म्हणणे. हा वाद दिसतो तितका कोरडा नाही. लक्षणा किती झिजली म्हणजे तिची अभिधा होते, हाच त्यातील खरा प्रश्न आहे. ‘मुसळधार पाऊस’ म्हणताना आज मुसळ कोणाच्या डोळ्यांपुढे येते?

इंग्रजीत पुरता मेलेला माणूस ‘दाराच्या खिळ्याइतका’ मेलेला असतो. रूप उपमेचे, वस्तुतः वाक्प्रचार. खिळ्याच्या जागी कडी घालून पाहावी. इंग्रज वाचक तत्काळ अडखळेल. हे शब्द जसेच्या तसे मराठीत आणले तर एखाद्या सामान्य लेखकास अपूर्व कल्पनाशक्तीचे श्रेय मिळेल. उलट, आपला चोर ‘हातावर तुरी देऊन’ इंग्रजीत शिरला, तर तेथील वाचक त्या तुरीचा हिशेब मागत बसेल.

तेव्हा अशा ठिकाणी अर्थ घ्यावा, शब्द सोडावेत, हे सामान्यतः खरे. परंतु डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’चा (१८४३) आरंभ पाहावा. मार्ली या खिळ्याइतका मेला होता असे सांगून निवेदक लगेच शंका काढतो की, दाराच्याच खिळ्यात असे काय विशेष मेलेपण आहे? शवपेटीचा खिळा अधिक शोभला असता. झिजलेल्या वाक्प्रचाराची त्याने येथे पुन्हा उपमा केली आहे. ‘मार्ली पार मेला होता’ असे सफाईदार मराठी लिहिणाऱ्याची पुढची वाक्ये अधांतरी राहतात. येथे खिळा कानाला खटकला तरी ठेवलाच पाहिजे. फार तर ‘इंग्रज म्हणतात तसा’ एवढे शब्द भाषांतरकाराने पदरचे घालावेत.